‘मला जमणारच नाही’ हा विचार कसा तपासायचा: वहीत, क्रमाने

नकारात्मक विचाराला आव्हान द्यायचं म्हणजे त्याच्या उलट अर्थाचं एखादं चांगलं वाक्य घोकायचं, असंच बहुतेकांना वाटतं. ‘मला जमणार नाही’ असं मनात आलं रे आलं की ‘मला जमणारच, मी समर्थ आहे’ असं दहा वेळा म्हणायचं. दोन-तीन दिवस बरं वाटतं. मग ते म्हणणं सुटतं आणि जुन्या समजुतीत नवी भर पडते: ‘मला साधे स्वतःचे विचारही बदलता येत नाहीत.’

यात इच्छाशक्तीचा दोष नसतो, पद्धत चुकलेली असते. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य स्वतःशी म्हणायला सांगितलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट होतं, त्यांना ते म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. विचार दाबून टाकण्याचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ सालच्या प्रयोगात ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं.

म्हणून विचाराला दाबायचंही नाही आणि त्याच्यावर ओरडायचंही नाही. तो एक दावा आहे असं धरायचं, तो नीट लिहून काढायचा, पुरावा बघायचा आणि शेवटी प्रत्यक्ष वागून पडताळायचा. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) या विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत, तिचे जनक अॅरन बेक यांच्यापासून चालत आलेली विचारांची नोंद हीच. क्रम मोडला की ती फसते आणि लोक नेमका क्रमच मोडतात.

उदाहरण सबंध लेखात एकच ठेवतो. समजा, कराडजवळच्या गावात मराठी माध्यमातून शिकलेली एक मुलगी हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी करते. तिचं काम चोख आहे, पण मीटिंगमध्ये ती तोंड उघडत नाही. तिची समजूत अशी: ‘मला इंग्रजीत बोलणं जमणारच नाही.’

## आधी हे वाचा: ही पद्धत एकट्याने कधी करू नये

मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि आजच कुणाशी तरी बोला. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

‘हात धुतले तरी घाणच राहिली असेल’, ‘माझ्या हातून कुणाला इजा झाली असेल’ अशा एकाच विचाराची पुन्हा पुन्हा खात्री करावीशी वाटत असेल, तर तो मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा भाग असू शकतो. तिथे पुरावे गोळा करत बसणं हेच नवं कर्मकांड होऊन बसतं आणि त्रास वाढतो. त्यासाठी वेगळे उपचार आहेत, ते तज्ज्ञाकडूनच घ्यावेत. जुना अत्याचार, अपघात किंवा ताजं दुःख यांतून आलेले विचारही एकट्याने उकरू नका. नुकतंच जवळचं माणूस गेलेलं असेल तर ते दुःख म्हणजे तपासून दुरुस्त करायची चूक नव्हे.

## तयारी

एक साधी वही घ्या. फोनवर लिहिलेलं चालतं, पण मधेच मेसेज येतो आणि नेमकं अवघड वाक्य अर्धवट राहतं. मनातल्या मनात मात्र हे अजिबात करू नका. डोक्यात विचार आणि उत्तर एकमेकांना धरून गोल फिरतात. कागदावर लिहिलेलं वाक्य जागचं हलत नाही.

वेळ वीस ते तीस मिनिटांचा ठेवा. प्रसंग घडला त्याच दिवशी, पण भावनेचा जोर थोडा ओसरल्यावर लिहा. रडू येत असताना, अंग थरथरत असताना किंवा रात्री दोन वाजता झोप लागत नसताना पुरावे तपासता येत नाहीत. तेव्हा फक्त प्रसंगाची एक ओळ लिहून ठेवा, पाणी प्या, चालून या, झोपा. बाकीचं सकाळी.

सुरुवातीला आयुष्यातली सगळ्यात मोठी जखम निवडू नका. ‘माझं आयुष्यच वाया गेलं’ यापेक्षा ‘मी मीटिंगमध्ये बोलू शकत नाही’ हे पहिल्या पानाला योग्य. पद्धत हाताला बसली की मोठ्या समजुतींकडे वळा.

## टप्पा १: प्रसंग लिहा, अर्थ नको

काय घडलं, कधी, कुठे, कोण होतं, एवढंच लिहा. कॅमेऱ्यात दिसलं असतं किंवा रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं असतं तेवढंच.

चूक: ‘आज मीटिंगमध्ये सगळ्यांनी मला कमी लेखलं.’
बरोबर: ‘मंगळवारी सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? मला टेस्टिंगमधली अडचण सांगायची होती. मी गप्प बसले. नंतर दुसऱ्या एकाने तीच सांगितली.’

दिवसभराचा किंवा आठवड्याचा गोषवारा नको. एकच क्षण हवा. ‘ऑफिसात नेहमी असंच होतं’ हे वाक्य तपासता येत नाही, मंगळवारची मीटिंग तपासता येते.

## टप्पा २: भावना आणि तिचा जोर

भावना एका शब्दात लिहा: भीती, लाज, राग, दुःख, अपराधीपणा. एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्या लिहा. प्रत्येकीपुढे ० ते १०० मध्ये आकडा टाका. तिने लिहिलं: भीती ७५, लाज ८५.

तपासा: तुमच्या ओळीत ‘वाटलं’च्या पुढे ‘की’ आलाय का? ‘मला वाटलं की मी मूर्ख आहे’ हा विचार आहे, तो पुढच्या टप्प्यात जाईल. त्याच्या जागी इथे ‘लाज’ लिहा.

आकडा टाकायचा कंटाळा करू नका. शेवटी फरक पडला की नाही हे कळायला तोच उपयोगी पडतो. सुरुवातीचा आकडा नसेल तर थोडा उतार पडलेला दिसतच नाही आणि ‘काही उपयोग झाला नाही’ असा निकाल लागतो.

## टप्पा ३: विचार पकडा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, म्हणून इथे थोडं थांबू.

त्या क्षणी मनात आलेलं सगळं, जसं आलं तसं, स्वतःच्या बोलीत लिहा. ‘बापरे, आता माझं काही खरं नाही’ असं आलं असेल तर तसंच लिहा. छापील भाषेत घालून गुळगुळीत करू नका. मनात चित्र आलं असेल तर त्याचं वाक्य करा: ‘सगळे माझ्याकडे बघून हसताहेत असं दिसलं.’

मग प्रश्नांची विधानं करा. ‘मीच अशी का?’ ‘माझं कसं होणार?’ यांना पुरावा लागू पडत नाही. त्या प्रश्नाचं तुमच्या मनाने आधीच दिलेलं उत्तर शोधा. ‘मीच अशी का?’ याच्या खाली बहुधा ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं काहीतरी दडलेलं असतं. तपासायचं ते हे वाक्य.

मुलीच्या वहीत चार वाक्यं आली:

- माझं इंग्रजी वाईट आहे.
- मी बोलले तर चुकेन आणि लोक हसतील.
- एकदा हसले की मला कुणी हुशार समजणार नाही.
- बोलायचं तर बिनचूकच बोललं पाहिजे.

चौथं वाक्य बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जातीचं आहे. ते भाकीत नाही, तो हट्ट आहे. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी, आणि त्यांचा विचार मराठीत पोचवणाऱ्या डॉ. कि. मो. फडके यांनी, अशा ‘पाहिजेच’वर नेमकं बोट ठेवलंय. असं वाक्य सापडलं तर त्याच्यापुढे खूण करा. त्याला पुरावा मागून उपयोग नाही. ‘असं असावं असं मला फार वाटतं, पण असलंच पाहिजे हा नियम कुठून आला आणि तो पाळताना मी काय गमावतेय?’ असं विचारायचं.

आता प्रत्येक वाक्यापुढे ते तुम्हाला किती खरं वाटतं याचा आकडा टाका. मग विचारा: नुसता हाच विचार मनात असता, तर भावना एवढीच तीव्र झाली असती का? ज्याचं उत्तर ‘हो’ येईल तो विचार निवडा. तिच्या बाबतीत तो दुसरा: ‘मी बोलले तर चुकेन आणि लोक हसतील’, खरं वाटतं ९०.

खोल जायचं असेल तर: निवडलेल्या विचाराखाली बाण काढा आणि लिहा, ‘तसं झालंच, तर त्याचा माझ्यासाठी अर्थ काय?’ उत्तराखाली पुन्हा बाण. हसतील, मग मला कमी समजतील, मग मी इथे राहण्याच्या लायकीची नाही. असं दोन-तीन बाणांत तळाची समजूत सापडते. ती शेवटच्या पानावर नोंदवून ठेवा, पण आज तिच्याशी झुंजू नका. ‘मी लायक नाही’ हे वाक्य एवढं पसरट आहे की पहिल्याच दिवशी ते पुराव्याला दाद देत नाही. आजचं काम वरच्या विचारावर करा.

## टप्पा ४: विचाराच्या बाजूचा पुरावा, आधी आणि प्रामाणिकपणे

लोक हा रकाना गाळून थेट ‘विरुद्ध पुरावा’ लिहायला घेतात. मग मन म्हणतं, ‘हे सगळं ठीक, पण खरी गोष्ट तू लपवलीस.’ आणि शेवटचं वाक्य पोकळ वाटतं. म्हणून विचाराची बाजू आधी मांडा.

नियम एकच: घटना लिहायची. त्रयस्थ माणसाला दाखवता येईल किंवा सांगता येईल अशी.

तिने लिहिलं: ‘गेल्या वर्षी मी डिस्कस अबाउट म्हटलं तेव्हा एक सहकारी हसला.’ ‘बोलताना मला शब्द शोधावे लागतात.’ हे पुरावे आहेत, राहू द्या.

तिने हेही लिहिलं: ‘मला आतून कळतं की त्यांना माझं इंग्रजी आवडत नाही.’ ‘भीती एवढी वाटते म्हणजे काहीतरी असणारच.’ यांवर काट मारायची. दुसऱ्याच्या मनातलं ओळखल्याचा अंदाज हा पुरावा नाही. भावना कितीही तीव्र असली तरी तीही पुरावा नाही.

## टप्पा ५: विरुद्ध पुरावा

यालाही तोच नियम: घटनाच हव्यात. ‘मी काही वाईट नाही’ हे मत झालं. हा रकाना लवकर भरत नाही, कारण समजुतीला न पटणाऱ्या गोष्टी लक्षातच राहिलेल्या नसतात. हे प्रश्न एकेक करून विचारा:

१. असं घडेल असं वाटलं आणि घडलं नाही, असं कधी झालंय का?
२. मी ‘त्याला काय अर्थ आहे’ म्हणून सोडून दिलेल्या छोट्या गोष्टी कोणत्या?
३. इतरांच्या बाबतीत असंच घडतं तेव्हा मी काय बघते?
४. हाच विचार माझ्या धाकट्या बहिणीने सांगितला असता, तर मी तिला कोणत्या घटना दाखवून दिल्या असत्या?
५. पाच वर्षांपूर्वी मला जे येत नव्हतं, त्यातलं आज काय येतं?

तिला सापडलं ते असं: नोकरीची मुलाखत इंग्रजीतच झाली होती आणि ती निवडली गेली. क्लायंटचे ईमेल रोज तीच लिहिते. चेन्नईचा सहकारी व्याकरणात चुकतो, त्याला कुणी हसत नाही, उलट त्याचा मुद्दा सगळे लिहून घेतात. आणि गेल्या वर्षी जो हसला होता, त्याच मीटिंगमध्ये बाकी सहाजण हसले नव्हते. ही शेवटची गोष्ट तिला तोवर कधी आठवलीच नव्हती.

इथे थांबून तपासा. दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचा. बाजूचा पुरावा खरंच जड असेल तर विचार चुकीचा ठरवायच्या मागे लागू नका. मग अडचण विचारात नाही, परिस्थितीत आहे आणि तिथे उपाय वेगळा: सराव, शिकवणी, मदत मागणं, तक्रार करणं, जागा बदलणं. बोलीवरून, जातीवरून, दिसण्यावरून टोमणे मारले जात असतील, तर तो अन्याय आहे. स्वतःच्या विचारातली चूक म्हणून तो वहीत जिरवू नका. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ही पद्धत शिकलेली बरीच भली माणसं बाहेरचा दोषही स्वतःच्या डोक्यात शोधत बसतात.

## टप्पा ६: दोन्ही रकान्यांना धरून नवं वाक्य

साचा सोपा आहे: ‘हे खरं आहे की… तरीही हेही खरं आहे की… म्हणून मी…’

तिचं पहिलं वाक्य होतं: ‘माझं इंग्रजी छान आहे आणि मी बिनधास्त बोलू शकते.’ खरं किती वाटतं असं विचारल्यावर तिने २० लिहिलं. म्हणजे हे वाक्य बाद.

दुसऱ्यांदा: ‘मला बोलताना शब्द शोधावे लागतात आणि एकदा एकजण हसलाही आहे. तरी मुलाखत, ईमेल आणि रोजचं काम मी इंग्रजीतच निभावते, आणि आमच्याकडे चुकत बोलणाऱ्यांचेही मुद्दे ऐकले जातात. म्हणून मी एक मुद्दा दोन वाक्यांत सांगून बघू शकते.’ खरं वाटतं: ७०.

तपासा: नवं वाक्य साठाच्या खाली असेल तर ते अजून गोड आहे. त्यातली स्तुती कमी करा, घटना वाढवा. ‘कधीच’, ‘नेहमी’, ‘सगळे’ हे शब्द नव्या वाक्यातही नकोत.

## टप्पा ७: आकडे पुन्हा टाका

टप्पा दोनमधल्या भावना पुन्हा मोजा. तिची लाज ८५ वरून ६० वर आली, भीती ७५ वरून ६५ वर. लोक इथे नाउमेद होतात, कारण त्यांना शून्य हवं असतं. इथे शून्य येणार नाही आणि यायची गरजही नाही. पुढचं पाऊल टाकता येईल एवढा उतार पुरेसा आहे.

आकडा जागचा हललाच नाही, तर मागे जाऊन बघा. बहुधा टप्पा तीनमध्ये खरा बोचणारा विचार लिहायचा राहून गेलेला असतो आणि सभ्य, सांगण्याजोगा विचार तपासला गेलेला असतो. नाहीतर ‘पाहिजेच’चा हट्ट तसाच राहिलेला असतो. कधी प्रसंग एक आणि विचार भलत्याच प्रसंगाचा, अशीही सरमिसळ होते.

## टप्पा ८: प्रयोग

वहीतल्या वाक्याने डोक्याला पटतं, पोटातली भीती मात्र तशीच राहते. ती हलते प्रत्यक्ष वागून. इथे न पोचलेली नोंद अर्धवट समजा. वह्याच्या वह्या भरूनही बदल न झालेल्यांचं बहुतेक वेळा इथेच अडलेलं असतं.

प्रयोगाआधी लिहायचं. जुन्या विचाराचं भाकीत नेमक्या शब्दांत: ‘मी बोलले तर निदान तीनजण हसतील किंवा माझा मुद्दा कुणी घेणार नाही.’ भाकीत खरं ठरलं हे कशावरून ओळखायचं, तेही लिहा. ‘लोकांना कसंतरी वाटेल’ हे भाकीत चालणार नाही, कारण ते दिसत नाही. दिवस आणि मीटिंगही ठरवा. ‘पुढे कधीतरी’ ठेवलेला प्रयोग होत नाही.

आकार. जमण्याची शक्यता आहे, पण जीव थोडा धडधडतो, एवढा. तिचा पहिला प्रयोग: गुरुवारच्या टीम मीटिंगमध्ये एक अडचण दोन वाक्यांत सांगायची. सगळ्या विभागासमोर सादरीकरण हा पहिला प्रयोग नव्हे.

कुबड्या सोडा. भीती वाटते तेव्हा आपण नकळत आधार घेतो: वाक्य आधी लिहून वाचणं, भरभर बोलून संपवणं, कॅमेरा बंद ठेवणं, ‘सॉरी, माय इंग्लिश इज नॉट गुड’ अशी सुरुवात करणं. हे ठेवून प्रयोग केला तर यश आलं तरी श्रेय कुबडीला जातं: ‘लिहून नेलं म्हणून वाचले.’ सगळ्या एकदम सोडवत नसतील तर एकेक सोडा. माझ्या मते आधीची माफी सर्वांत आधी सुटावी, कारण ती ऐकणाऱ्याचं लक्ष मुद्द्यावरून चुकांकडे नेते.

लक्ष बाहेर ठेवा. बोलताना स्वतःचा आवाज, घाम, उच्चार तपासत राहिलात तर समोर खरंच काय घडलं हे दिसणारच नाही. लोकांचे चेहरे बघा, कोण काय म्हणालं ते ऐका.

त्याच दिवशी निकाल लिहा. काय घडलं, भाकिताशी कितपत जुळलं, आणि त्यातून काय कळलं. तिने लिहिलं: ‘एका शब्दाला अडखळले. कुणी हसलं नाही. मॅनेजरने अडचण नोंदवली आणि एक प्रश्न विचारला. म्हणजे अडखळूनही मुद्दा पोचतो.’

सावध: निकाल चांगला आला की जुनी समजूत अटी बदलते. ‘त्या दिवशी मॅनेजर खुशीत होता’, ‘मुद्दाच सोपा होता’. ही पळवाट पकडा आणि तिचाच पुढचा प्रयोग करा: वेगळी मीटिंग, अवघड मुद्दा. आणि एखादेवेळी कुणी हसलंच, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहा. मग पुढचं भाकीत तपासा: हसल्यामुळे पुढे खरंच काय झालं? दुसऱ्या दिवशी काम थांबलं का, कुणी वेगळं वागलं का?

## टप्पा ९: तळाच्या समजुतीसाठी रोजची नोंद

टप्पा तीनमध्ये शेवटच्या पानावर लिहिलेली ‘मी लायक नाही’ ही समजूत एका प्रयोगाने हलत नाही. तिच्यासाठी आधी वेगळं, थोडं मवाळ वाक्य ठरवा: ‘मी बऱ्याच बाबतीत पुरेशी आहे.’ मग रोज रात्री या वाक्याला धरून एक तरी छोटी घटना तारखेसह लिहा. ‘नव्या मुलाला सेटअप समजावून दिला, त्याला कळला’ एवढंही पुरे. दर रविवारी नवं वाक्य किती खरं वाटतं याचा आकडा टाका. हा आकडा महिन्यांच्या हिशेबाने चढतो आणि मधे घसरतोही.

घरच्यांना किंवा जोडीदाराला ही पद्धत लावू नका. ‘तुझा विचार अविवेकी आहे, पुरावा दे’ असं ऐकणाऱ्याला आपली उलटतपासणी चाललीय असंच वाटतं. कुणी मनातलं सांगत असेल तर आधी ऐकून घ्या. त्यांनी विचारलं तरच वही दाखवा.

## विचार परत आला तर

परत येईल. झोप कमी झाली, आजारपण आलं, नवी नोकरी लागली की हमखास. त्याच प्रसंगाचं पान पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेऊ नका, ते उगाळणं होतं. जुनं पान काढा, टप्पा सहाचं वाक्य आणि टप्पा आठचा निकाल वाचा आणि लगेच एक छोटा प्रयोग ठरवा. प्रसंग खरोखर नवा असेल तरच नवं पान.

पाच-सहा आठवडे प्रयोगांसह नेटाने करूनही आकडे हलत नसतील, झोप-भूक उडाली असेल किंवा कामावर जाणंच होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या आणि वही सोबत न्या. कोणत्या प्रसंगात, कोणता विचार, किती जोराने येतो आणि काय करून पाहिलं, हे सगळं त्या पानांत असतं. पहिल्या भेटीत ते आठवून सांगण्यात वेळ जात नाही आणि उपचार पुढच्या टप्प्यापासून सुरू करता येतात.